काढे घेऊन प्रतिकारशक्ती वाढवली तर एंडोमेट्रिओसिस बरा होईल का? (म्हापसा)

नाही, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) काढ्यांनी बरा होत नाही, कारण इथे प्रतिकारशक्ती नुसती कमी पडत नाही, ती भरकटलेली असते. पाळीचं थोडं रक्त, या अस्तराच्या तुकड्यांसकट, बीजवाहिन्यांतून उलटं पोटात जाणं बहुतेक बायकांत घडतं. हा आजार मात्र साधारण १० टक्क्यांनाच होतो. त्यांच्यात नॅचरल किलर पेशी (नको असलेल्या पेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशी) मंदावलेल्या आढळतात. आणि सफाई करायच्या मॅक्रोफेज पेशी उलट त्या भटक्या अस्तराला नव्या रक्तवाहिन्या आणि नसा फुटायला मदत करतात, म्हणून तर एवढ्या कळा येतात! तरी याला स्वयंप्रतिकार रोग (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते तो) मानत नाहीत. उपचार मुख्यतः हार्मोनच्या गोळ्या किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया. ताई, दुखणं सोसत बसू नका, बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) स्त्रीरोग विभागात दाखवा.