सोन्यावर काळा थर कशाला?

प्रश्न: सर, इतवारीत आमचं सराफी काम वडिलांपासूनचं. भाची पुण्यात हृदयाच्या पेशींवर पीएचडी करते. ती पेशी ज्या काचेच्या ताटलीत वाढवते, तिच्या तळाशी सोन्याचे बारीक ठिपके असतात आणि त्यांतून पेशींची वीज मोजतात. पण त्या ठिपक्यांवर ती मुद्दाम काळा थर चढवते. सोन्याहून चांगलं काय असणार? आणि तिला तार लागली तर मी ओढून देऊ का?
— एक सराफ, इतवारी, नागपूर

उत्तर: भाऊ, आयुष्यभर ज्याला उजाळा दिला त्यावर कोणी काजळी धरलेली बघून जीव तुटणारच. पण भाचीचं बरोबर आहे.

सोन्यातून वीज धावते ती इलेक्ट्रॉनांची. पेशीभोवतीच्या खाऱ्या पाण्यात धावतात ते सोडियम, पोटॅशियम, क्लोराइडचे आयन. ते सोन्यात शिरू शकत नाहीत. पृष्ठभागाशी येऊन गर्दी करतात, आणि त्या गर्दीमुळे आतले इलेक्ट्रॉन सरकतात. एवढाच काय तो निरोप. म्हणजे सगळा मामला पृष्ठभागावर ठरतो, आणि ठिपका तर ३० मायक्रॉनचा, केसाहून बारीक. असा गुळगुळीत सोन्याचा ठिपका पेशीच्या ठोक्याला दहा लाख ओहमच्या आसपास रोध करतो. बाहेरून मिळणारा संकेत मुळात व्होल्टच्या लाखाव्या-दहाहजाराव्या भागाएवढा. रोध जास्त तर खरखर जास्त, आणि ठोका त्यातच बुडतो.

ठिपका मोठा करावा तर एका पेशीऐवजी दहांची कालवाकालव ऐकू येते. म्हणून व्यास तेवढाच ठेवून पृष्ठभाग खडबडीत करतात. प्लॅटिनमचा क्षार वापरून विजेने थर चढवला की तो स्पंजासारखा सच्छिद्र बसतो. प्रकाश त्या भोकांत अडकतो म्हणून काळा दिसतो. रोध दहा-वीस पटींनी उतरतो. मात्र हा थर नाजूक, बोट लागलं तरी निघतो. त्यावर उतारा टायटॅनियम नायट्राइड. हे तुमच्या ओळखीचं आहे बरं का! घड्याळांच्या केसवर सोनेरी मुलामा म्हणून हेच चढवतात. गुळगुळीत असलं तर सोन्यासारखं, सच्छिद्र उगवलं तर काळपट.

त्यापुढचा प्रकार मला जास्त आवडतो. पेडॉट नावाचं वीजवाहक प्लास्टिक. यात आयन थेट आत मुरतात, म्हणून नुसता पृष्ठभाग नाही, थराची सगळी जाडी कामी येते. शिवाय ते धातूपेक्षा मऊ, म्हणजे मेंदूत ठेवायच्या सुयांना सोयीचं. खोड एकच: सोन्यावरून पापुद्र्यासारखं सुटतं. ग्राफीनचा, म्हणजे एका अणूएवढ्या जाडीच्या कार्बनच्या पापुद्र्याचा, गाजावाजा खूप. त्याचा खरा फायदा पारदर्शकपणात, खालून सूक्ष्मदर्शकाने पेशी बघता येते. बाकीच्या कौतुकाला मी जरा थांबेन.

आणि सोनं बाद झालंय असं समजू नका. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मायका स्पिरा यांच्या गटाने २०१० साली सोन्याची भूछत्रं दाखवली. देठ साधारण एक मायक्रॉनचा, वर टोपी, आणि त्यावर पेशीला भावणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्याचा लेप. समुद्री गोगलगायीची चेतापेशी ते भूछत्र स्वतःहून कवेत घेते. पेशीला भोक न पाडता मग मिलिव्होल्टांत, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागांत, संकेत मिळतो. तेवढा संकेत मिळवायचा तर एरवी काचेची नळी पेशीला चिकटवून पडदा फाडावा लागतो. चिकटवण्याची ती युक्ती नेहर आणि झाकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७६ साली दाखवली, १९९१ चं नोबेल तिच्यातून लागलेल्या शोधांबद्दलच. पण तशी फाडलेली पेशी काही तासांत दगावते. रवाकाम करणाऱ्या माणसाला या भूछत्राचं कौतुक वाटेल.

आता तारेचं. जरूर ओढा, पण २४ कॅरेटचीच. बावीसमधलं तांबं सुटून पेशींना विष होतं. केडीएमचा टाका तर अजिबात नको, त्यात कॅडमियम असतं. जंतरातून, म्हणजे तार ओढायच्या भोकांच्या पट्टीतून, काढल्यावर तेलाचा अंश राहू देऊ नका. भाचीला चांदीची तारही लागू शकते, द्रावात बुडवून शून्य व्होल्टचा आधार म्हणून. शुद्ध चांदी ओढून द्या. ती तार ती साध्या ब्लीचमध्ये बुडवून करडी करेल, म्हणजे वर सिल्व्हर क्लोराइड बसेल. पेशी वाढत असलेल्या ताटलीत ती दिवसेंदिवस ठेवायची नसते, मोजणीपुरतीच. हे भाचीला ठाऊक असेल. ती करडी तार दुरुस्तीला तुमच्याकडे आली, तर तेवढी मात्र उजळायला घेऊ नका.