२०१९ च्या महापुराने सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या गावांचं नेमकं काय झालं?

पाणी किती चढलं हे सगळेच सांगतात. गावांना मारलं ते पाणी बसून राहिल्याने.

तरी आधी आकडे. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३, तिथे ५५ च्या वर. बऱ्याच घरांनी २००५ च्या पुराची खूण धरून सामान माळ्यावर चढवलं होतं. सांगलीत पाणी त्या खुणेच्याही तीनेक फूट वर आलं.

कोल्हापूरची पंचगंगा शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेला वाट मिळत नाही, पाणी मागे फुगतं. म्हणून शिरोळकडे पाऊस उघडून ऊन पडलं तरी पाणी चढत राहतं, आणि आभाळ बघून घरात थांबलेली माणसं अडकतात. उशिरा बाहेर पडणं किती महागात पडतं ते पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला दिसलं: ८ ऑगस्टला खचाखच भरलेली नाव उलटून १७ जण गेले.

पुराबाहेरच्या गावांनाही झळ बसलीच. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, दूध संकलन थांबलं. कोल्हापुरात तर उपसा केंद्रंच बुडाली, त्यामुळे चहूकडे पाणी आणि नळ कोरडे.

मातीच्या भिंती बऱ्याचदा पाणी उतरल्यावर पडतात. भिंत आतून भिजून मऊ झालेली असते आणि बाहेरून पाण्याचा आधार निघून जातो. त्यामुळे पाणी ओसरलं की लगेच आत शिरून झाडलोट सुरू करणं हा मूर्खपणा. आधी तडे आणि पोट सुटलेली भिंत बघायची.

विहिरीतही लोक घाईच करतात. गाळ न काढता कोरडी टीसीएल (ब्लिचिंग) पावडर वरून भुरभुरली तर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी उपसा करायचा, गाळ काढायचा, मग माप घ्यायचं. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी म्हणजे साधारण २८ हजार लिटर. १,००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ विहिरीत सोडून ढवळायची, तासभर थांबायचं.

खरा मार बसला उसाला. वाढ्याचा शेंडा पाण्याबाहेर असेल तर ऊस तगतो; फार तर कांड्यांवर मुळ्या सुटतात. शेंडा बुडून पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, गाळ बसला की पोंगा कुजतो, वाढ खुंटते. मग कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा (बाजूचे कोंब) येतात आणि त्या साठलेल्या साखरेवरच जगतात. बांधावरून शेत हिरवं दिसतं, पण हातात घेतलेलं कांडं हलकं, चिरलं तर आत पोकळ. असा ऊस कारखान्याने आधी तोडायला हवा, पण ओल्या काळ्या रानात गाडी जात नाही. वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा पीक घ्यायचा, म्हणजे खोडवा ठेवायचा मोह होतो, पण मुळं कुजलेल्या ठिकाणी तुटाळ (रिकाम्या जागा) इतकी पडते की तो परवडत नाही. त्यात शिरोळ भागातली बरीच जमीन आधीच क्षारपड, म्हणजे क्षार साठून बिघडलेली. तिथे पाणी तुंबून वर आलेले क्षार चर काढून निचरा केल्याशिवाय हटत नाहीत, नुसतं शेणखत टाकून काही होत नाही.