तिथे पुन्हा जायचंय, तोच फोटो पुन्हा काढायचाय

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेल्या दोन-तीन वर्षांत एक काळजी इतक्या वेळा ऐकली, की आता तिच्यावर लिहायलाच हवं. कोणी म्हणतं, "बाबांनी पस्तीस वर्षांपूर्वीच्या ट्रिपचा अल्बम काढलाय आणि त्याच जागी परत जायचं म्हणून हट्ट धरून बसलेत." एका तरुणाचा फोन नदीत पडला, लेहचे सगळे फोटो गेले. तो म्हणाला, "परत जाऊन सगळे फोटो पुन्हा काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही." शेवटी प्रश्न एकच असतो: हे मन भूतकाळात अडकल्याचं लक्षण तर नाही?

नाही. अपवाद आहेत, त्यांच्याकडे पुढे येते. आधी एका ताईंबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सात-आठ भेटींतलं थोडंच इथे देते आहे.

ताई एकोणसाठ वर्षांच्या. यजमान नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, मुलगी जर्मनीत, मुलगा पुण्यात. पहिल्या भेटीत खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, मला वेड लागलंय का, तेवढं सांगा." मग पर्स उघडली. मला वाटलं, औषधाची चिठ्ठी असेल. त्यांनी पन्नासची नोट काढून टेबलावर उलटी ठेवली.

२०१७ साली आलेली ही निळी नोट तुमच्याही पाकिटात असेल. तिच्या मागच्या बाजूला हंपीचा दगडी रथ आहे. ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं या नोटा हातातून जातायत. पण त्या दिवशी भाजीवाल्यानं सुटे परत दिले आणि माझं या रथाकडे लक्ष गेलं. आम्ही गेलो होतो इथे. १९९६ मध्ये, यांच्या नोकरीतल्या प्रवास-सवलतीवर, एलटीसीवर. तिथल्या तिथे रडू आलं. तेव्हापासून एकच डोक्यात आहे. तिथे जायचं आणि ते सगळे फोटो पुन्हा काढायचे. त्याच जागेवरून."

यजमानांचं म्हणणं, पाहिलेलं पुन्हा काय पाहायचं, त्यापेक्षा केरळ करू. मुलगा म्हणाला, "आई, नेटवर याच्यापेक्षा चांगले फोटो आहेत."

माझाही पहिला तर्क सरळ होता. मुलं लांब गेली, घर शांत झालं, आणि मन घर भरलेलं होतं त्या दिवसांकडे धावतंय. असं दिसतं तेव्हा बरेच समुपदेशक 'वर्तमानात जगा' म्हणून मोकळे होतात. मी ते वाक्य सहसा वापरत नाही. माणसाला काय हवंय ते कळायच्या आत ते मागणं चूक ठरवायचं, हे मला पटत नाही. मी म्हटलं, "पुढच्या वेळी अल्बम घेऊन या."

अल्बम आला. पारदर्शक कागद उचलून चिकट पानावर फोटो लावायचा तसला, कडा पिवळ्या पडलेला. छत्तीसच्या रोलमधले एकतीस फोटो धड आले होते. मी विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?"

त्यांनी मोजलं. पाच फोटोंत. एकात खांद्याला वॉटरबॅग, एकात हातावर दोन स्वेटर, तिसऱ्यात कडेवर मुलगा. रथाच्या फोटोत मुलं आणि यजमान मध्यभागी, आणि उजव्या कडेला अर्ध्या कापल्या गेलेल्या ताई, खाली वाकलेल्या.

"रथाची चाकं कशी होती?" मी विचारलं. परीक्षा घ्यायची नव्हती, त्यांना तिथे न्यायचं होतं.

त्या बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चाकं नाही आठवत." थोड्या वेळानं, "धाकट्याच्या बुटाची नाडी आठवते. लाल होती. सारखी सुटायची."

"फोटोत तेच करताय का?"

"हो. नाडी बांधतेय." आणि फोटोवर बोट ठेवून अगदी हळू म्हणाल्या, "मॅडम, मी तिथे गेले होते, पण मी ते पाहिलंच नाही."

मी काही बोलले नाही. अशा क्षणी समुपदेशकानं तोंड उघडलं की समोरच्याच्या हाती लागलेलं निसटून जातं. खाली रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट चालू होता आणि ताई एकेक पान उलटत होत्या. "विरूपाक्षाच्या देवळात हे लोक आत गेले, मी बाहेर चपलांपाशी. धाकटा झोपला होता ना." पुढचं पान. "इथे मी डबे भरत होते."

मला तेव्हा जे उमगलं, त्यासाठी हा लेख लिहिते आहे. आपण धरून चालतो की जुन्या जागेची ओढ म्हणजे तिथे अनुभवलेल्या सुखाची ओढ. पण कितीतरी वेळा जे अनुभवायचं राहून गेलं, त्याची ती ओढ असते. हे ओळखल्यापासून मी अशा प्रत्येकाला एक प्रश्न विचारते: त्या फोटोत नाही असं काय तुम्हाला आणायचंय? स्त्रियांकडून फार वेळा ताईंसारखंच उत्तर येतं. आपल्याकडच्या कौटुंबिक सहली आईच्या दोन हातांवर पार पडतात आणि तिला 'काय मजा आली ना?' असं विचारलं जातं.

"कॅमेरा कुणाकडे असायचा?"

"यांच्याकडे. एकदा मागितला होता मी. म्हणाले, रोल वाया जाईल."

यात यजमानांना खलनायक करायचं कारण नाही. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, रोलचे पैसे वेगळे, धुवायचे वेगळे, प्रिंटचे वेगळे. पगारदार घरात प्रत्येक खटक्याचा हिशोब असायचा. पण त्यामुळे ताईंच्या नजरेचा एकही फोटो त्या एकतिसांत नव्हता, हेही खरंच.

मराठीत नॉस्टॅल्जियाला आपण 'स्मरणरंजन' म्हणतो. मूळ शब्दात मात्र रंजन नाही, वेदना आहे. योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं १६८८ मध्ये 'घरी परतणं' आणि 'दुखणं' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला, तो घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांच्या झुरणीसाठी. म्हणजे या शब्दाचा जन्मच आजाराचं नाव म्हणून झाला, आणि आपल्याला वेड लागलंय अशी ताईंची भीती तितकीच जुनी म्हणायची. १९६३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी वेगळं मांडलं. उतारवयात माणूस मागे वळून आयुष्याचा हिशोब लावतो, ही मनाची स्वाभाविक प्रक्रिया आहे, असं त्यांचं म्हणणं. मला होफरपेक्षा बटलर जवळचे. आणि शब्दच हवा असेल, तर आपला 'हुरहुर' सगळ्यांत नेमका आहे.

हुरहुर कळली म्हणून गाठ सुटली असं झालं नाही. पुढच्या भेटीत ताई म्हणाल्या, "चौघं गेलो तरच अर्थ आहे. मुलगी सुट्टी काढत नाही. आणि फोटो अगदी तसेच यायला हवेत, नाहीतर कशाला जायचं?"

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे. 'असावं' आणि 'असायलाच हवं' यांतलं अंतर मला लगेच ऐकू येतं. 'चौघं असतो तर छान झालं असतं' ही इच्छा झाली. 'चौघं नसलो तर अर्थच नाही' हा हुकूम. मुलीच्या ऑफिसला, पुरातत्त्व खात्याला किंवा काळाला आपला हुकूम बंधनकारक नसतो. मी ताईंना सरळ सांगितलं, की रथाभोवती आता अडसर आहे, मुलांना त्याला टेकवून उभं करता येणार नाही. विरूपाक्षासमोरच्या बाजारातली दुकानं आणि घरं २०११ मध्ये हटवली गेली, तेव्हा त्यांच्या फोटोतला शहाळीवाला तिथे नसेल. रथ आहे त्या विठ्ठल मंदिरापर्यंत गाडी नेता येत नाही, शेवटचा टप्पा बॅटरीच्या गाडीनं किंवा चालत.

ताई नाराज झाल्या. पुढच्या भेटीला आल्याच नाहीत.

तरीही हे आधी सांगायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. त्याला कारण एक काका. पत्नीबरोबर केदारनाथ केलेलं, पत्नी गेल्यावर ते एकटेच त्या वाटेवरच्या रामबाड्याच्या चहाच्या टपरीपुढचा फोटो पुन्हा काढायला निघाले. जून २०१३ च्या प्रलयात रामबाडा वाहून गेला आणि नंतर तिथून पुढची वाट मंदाकिनीच्या पलीकडच्या काठानं काढली, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते माझ्याकडे आले ते परतल्यावर. एकाच माणसाला दोनदा पोचवून आल्यासारखी अवस्था होती त्यांची. जागा बदलल्याचं दुःख घरी, आपल्या माणसांत अर्धं पचवून जावं.

ताई पंधरा दिवसांनी आल्या. मी त्यांना हंपीबद्दल काही विचारलं नाही. अल्बमच्या शेवटच्या पानावर गोदाघाटावरचा एक फोटो होता. मुलं पायरीवर आणि मागे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती. म्हटलं, "या रविवारी फक्त एवढा पुन्हा काढा. एकट्यानं. फोन तुमच्या हातात."

जुनी जागा नेमकी शोधायची एक युक्ती आहे. फोटोत जवळची एक आणि लांबची एक, अशा दोन न हलणाऱ्या वस्तू निवडायच्या. त्यांच्या कडा फोटोत जशा जुळतात तशा जुळेपर्यंत पाय हलवायचे. सावली पाहिली की वेळेचा अंदाज येतो. त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यांची लेन्स ३५-३८ मिलिमीटरची असायची आणि फोनची त्याहून रुंद पाहते, म्हणून फोनवर साधारण दीडपट झूम केलं की चौकट जमते. छायाचित्रकार मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ पासून अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणाच्या फोटोंच्या जागा अशाच शोधून पुन्हा टिपल्या. त्या जोड्यांकडे पाहताना डोळा आधी शोधतो, तो मधल्या शंभर वर्षांत काय बदललं हे.

रविवारी सकाळी साडेआठला फोन आला. मागे घाटावरचा गलका. "मॅडम, मारुतीचा खांदा आणि मागचा कळस जुळतच नव्हता. दोन पायऱ्या खाली उतरले, आणि जुळला!" मग एकदम, "हे तेव्हा इथे उभे होते. इथून आम्ही असे दिसत होतो त्यांना."

पूर येतो तेव्हा पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, ते नाशिककर आधी विचारतो. ताईंचं पाणी त्या सकाळी बरंच ओसरलं होतं.

मग यजमान एकदा आले. अवघडून बसले आणि म्हणाले, "म्हणजे तेव्हा मी हिला नीट दाखवलं नाही, असंच ना?" त्यांच्या विरोधाचं मूळ इथे होतं. पुन्हा जायचं म्हणजे पहिली सहल फुकट गेली, असा त्यांनी अर्थ लावला होता. ताई चटकन म्हणाल्या, "तुम्ही नेलंत म्हणून तर पुन्हा जावंसं वाटतंय." मी मधे पडायची गरजच राहिली नाही. घरोघरी ही बोलणी केरळ की हंपी यावरच अडतात आणि आतली गोष्ट तशीच राहते.

आता अपवाद. जुन्या जागेसाठी कर्ज काढणं, नवी कुठलीच जागा नको वाटणं, फोटो 'तंतोतंत' आला नाही म्हणून पुन्हा पुन्हा जाणं, परत आल्यावर अनेक आठवडे जेवणझोप बिघडणं, असं दिसलं तर एकट्यानं झुंजू नका, मदत घ्या. जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल, तर तिकीट काढायची घाई करू नका. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तीस वर्षांपूर्वीची ट्रिप लख्ख आठवते पण सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, ओळखीच्या रस्त्यावर ते चुकतात, असं होत असेल तर समुपदेशकाआधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

निघण्यापूर्वी दोन कामं करा. जुन्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. खिडकीच्या उजेडात पान ठेवून फोनवर त्यांचे फोटो घ्या. निगेटिव्ह सापडल्या तर बुरशी चढायच्या आत स्टुडिओत स्कॅन करून घ्या. आणि तिथे पोचल्यावर पहिली दहा मिनिटं फोन पर्समध्येच राहू द्या. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतला, त्यांची आठवण उणावली नाही. म्हणून मी ताईंना सांगितलं होतं, "पूर्ण रथ एकदाच टिपा. मग चाकापाशी थांबा."

जानेवारीत ते दोघंच गेले. परतल्यावर ताईंनी फोन माझ्यासमोर धरला. चाकाचे अकरा फोटो. चाकावरची फुलांची नक्षी, मधला आस. जुन्या चौकटींतल्या सात जुळल्या होत्या, बाकीच्यांचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नव्हतं. शहाळीवाल्याच्या जागी नुसते दगडी खांब, तो फोटोही होता.

मग एक अंधारा फोटो आला. मला काही कळेना. भिंतीवर काहीतरी फिकट, टोक खाली असलेलं.

"गोपुर आहे," ताई म्हणाल्या. विरूपाक्षाच्या देवळात मागच्या बाजूला एक काळोखी जागा आहे. भिंतीतल्या लहानशा भोकातून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर गोपुराची प्रतिमा उलटी पडते. लेन्स नाही, काच नाही, शेकडो वर्षांचा दगडी कॅमेरा. अल्बममध्ये याचा फोटो नव्हता. अंधारात यजमानांनी तेव्हा रोल खर्च केला नसावा.

ताईंनी बोटांनी फोटो मोठा केला, मग फोन उलटा धरून गोपुर सुलटं करून पाहिलं.

"मॅडम, मी बाहेर चपलांपाशी बसले होते, तेव्हाही हे आत पडतच असणार ना?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी फोन पुन्हा सरळ केला आणि तो फोटो आणखी थोडा वेळ पाहत राहिल्या.