गाडी भरण्याचे तासही कामाचेच: मालवाहू गाड्यांच्या चालकांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझे यजमान एका मालकाच्या सहाचाकी गाडीवर चालक आहेत. मालकाच्या एकूण तीन गाड्या आहेत. आंब्याच्या हंगामात यजमान दुपारी 3 वाजता गाडीवर हजर होतात, गावोगावच्या बागांतून पेट्या भरून रात्री 8 वाजता निघतात आणि पहाटे 5 च्या सुमारास वाशीला पोहोचतात. गाडी खाली होईपर्यंत सकाळचे 8 वाजतात आणि त्याच दिवशी दुपारी 2 वाजता परतीचे भाडे घेऊन ते पुन्हा निघतात. मालकांचे म्हणणे असे, की गाडी नऊच तास चालते आणि तासांचे कायदे मोठ्या कंपन्यांसाठी असतात. हे खरे आहे का? (एक भगिनी, पावस परिसर)

उत्तर: ताई, मालकांची दोन्ही विधाने मला मान्य नाहीत. पहिल्या विधानाचा विचार सविस्तर करायला हवा, कारण चालकांचे सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते.

चालकांच्या कामाचे तास मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 या कायद्याने ठरवून दिले. चालक ज्या वेळात मालकाच्या दिमतीला असतो, तो सगळा वेळ कामाचा, अशी या कायद्याची व्याख्या आहे. त्यात गाडी धावण्याचा वेळ येतो, तसाच पूरक कामाचा वेळही येतो. माल चढवणे व उतरवणे, गाडीची देखभाल, हिशेब व कागदपत्रे, गाडी ताब्यात घेणे व परत लावणे ही सर्व पूरक कामे होत. पेट्या हमाल चढवतात आणि चालक नुसता उभा असतो, असे कोणी म्हणेल. पण कोणत्या बागायतदाराच्या किती पेट्या चढल्या हे मोजणे, चिठ्ठ्या जुळवणे, ताडपत्री ओढून दोर आवळणे हे सगळे चालक आणि क्लीनरच करतात आणि वाटेत पेटी सरकली तर जाबही त्यांनाच द्यावा लागतो. त्यामुळे तुमच्या यजमानांचा कामाचा दिवस रात्री 8 ला नव्हे, दुपारी 3 ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला संपतो. हे 17 तास झाले.

आता 1961 च्या कायद्याचे माप पाहा. त्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे, तरी हे माप का पाळावे लागते, ते पुढे सांगतो. दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास ही सर्वसाधारण मर्यादा आहे. लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी किंवा सणासुदीला संबंधित अधिकाऱ्याची मान्यता घेऊन ती 10 आणि 54 तासांपर्यंत नेता येते, त्यापुढे नाही. सलग 5 तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागते. मधल्या विश्रांतीसकट दिवसाचा एकूण पसारा 12 तासांच्या आत राहिला पाहिजे आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे काम सुरू होईपर्यंत सलग 9 तास मोकळे मिळाले पाहिजेत. तुमच्या यजमानांना वाशीला सकाळी 8 ते दुपारी 2 असे सहाच तास मिळतात आणि एप्रिलच्या उन्हात तापलेल्या केबिनमध्ये त्यातली झोप किती होत असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. आठवड्यातून एक दिवस सुटी हाही त्यांचा हक्क आहे. सेवा विस्कळीत होऊ नये म्हणून ती पुढे ढकलता येते, पण दहा दिवसांपेक्षा जास्त सलग काम करून घेता येत नाही. मर्यादेपलीकडच्या कामाची मजुरी दुप्पट दराने द्यावी लागते. प्रत्येक फेरीला ठरावीक रक्कम हातावर ठेवण्याची आपल्याकडची पद्धत हा हिशेब झाकून टाकते.

मालकांचे दुसरे विधान असे, की तासांचे कायदे मोठ्या कंपन्यांसाठी असतात. 1961 चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून तिच्यात ही संख्या दहा आहे. दिवसाचे आठ तास, दुप्पट दराचे जादा काम आणि कामाच्या तासांत पूरक काम धरण्याचा नियम तिच्यातही आहे. मधली विश्रांती व पसारा यांचे आकडे अधिसूचनेने ठरवण्याचा अधिकार तिने सरकारला दिला आहे. परंतु मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 91 वेगळे आहे. परिवहन वाहन चालवण्यासाठी नेमलेल्या कोणत्याही व्यक्तीचे तास 1961 च्या कायद्यात सांगितल्याप्रमाणेच असतील, असे ते म्हणते आणि तिथे कामगारांच्या संख्येची अट नाही. म्हणून तीन गाड्यांच्या मालकालाही हे माप पाळावे लागते, असा त्या कलमाचा अर्थ मी लावतो. ते मोडल्यास कलम 177 खाली पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास 1500 रुपयांपर्यंत दंड आहे. एका फेरीच्या भाड्यापुढे ही रक्कम इतकी किरकोळ आहे, की तिचा धाक कोणालाच वाटत नाही, आणि हा या कायद्याचा मोठा दोष आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आंबा नाशवंत आहे, तो पहाटेच्या बाजाराला पोहोचायलाच हवा, ही मालकांची अडचण खोटी नाही. त्यावर मार्ग आहेत. दुपारी गाडी भरून घेणारा माणूस आणि रात्री ती चालवणारा माणूस वेगळे असावेत. किंवा महाड-माणगावच्या पट्ट्यात दुसऱ्या चालकाने गाडी ताब्यात घ्यावी. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा असतो. तेवढ्या काळापुरता बदली चालक ठेवण्याचा खर्च पेटीमागे वाटून घेतला, तर तो बागायतदारांनाही जड जाऊ नये.

मालक ऐकत नसल्यास जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार करता येते. त्यासाठी बिल्टीवरील (माल वाहतुकीच्या पावतीवरील) वेळ, फास्टॅगचे मेसेज, डिझेलच्या पावत्या आणि बाजारात गाडी आत गेल्याची पावती मिळत असल्यास तीही, असे सर्व आतापासून तारखेप्रमाणे जपून ठेवा. मालकाकडे तासांची नोंद बहुधा नसतेच, त्यामुळे हे कागद महत्त्वाचे ठरतात.

प्रश्न: माझी स्वतःची गाडी असून मीच ती चालवतो. हर्णै बंदरातून बर्फातली मासळी घेऊन रात्री निघतो. मला कोणी मालक नाही, मग तासांचे बंधन मला कशासाठी? (एक वाहनमालक, दापोली तालुका)

उत्तर: कलम 91 ची भाषा नेमलेल्या चालकाची आहे आणि कामगार कायदा मालक व कामगार या नात्यावर उभा आहे. त्यामुळे तुमच्यावर तासांचा गुन्हा दाखल होण्याची शक्यता कमी, हे मी मान्य करतो. पण झोपेमुळे अपघात होऊन कोणी दगावले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो आणि गाडी स्वतःची आहे, हा तिथे बचाव होत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. सलग 17 ते 19 तास जागा राहिलेला माणूस गाडी चालवताना जितका मंदावतो, तितकाच 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम मद्य असलेला माणूस मंदावतो, असे झोपेवरील प्रयोगांत आढळले आहे. आपल्या कायद्याने 30 मिलिग्रॅमच्या पुढे गाडी चालवणे गुन्हा ठरवले आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून दिवसभर बंदरावर वावरलेला माणूस रात्री अकरानंतर गाडी चालवतो, तेव्हा थेंबभरही न घेता तो त्या पायरीपलीकडे गेलेला असू शकतो. त्यातही रात्री 2 ते पहाटे 6 या वेळात शरीर आपणहून झोपेकडे ओढ घेते. ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते; चार सेकंद डोळा लागला तर 65 मीटरहून अधिक रस्ता न पाहता जातो आणि कशेडी-भोस्त्यासारख्या वळणांवर तितका रस्ता सरळ नसतोच. चहा, तंबाखू आणि मोठ्याने लावलेली गाणी यांनी झोप थोडा वेळ लांबते, भागत नाही. दुपारी बंदरावर जाण्यापूर्वी दोन तास झोप काढा. वाटेत जांभया आणि जड पापण्या सुरू झाल्या, की पेट्रोलपंपावर किंवा उजेडाच्या जागी गाडी लावून 20 मिनिटे डोळे मिटा. बर्फ पुरेसा असेल तर तेवढ्या वेळात मासळी खराब होत नाही.

प्रश्न: पावसाळ्यात दरड कोसळून परशुराम घाट बंद झाला आणि चालक सात-आठ तास रांगेत अडकला, तर ती विश्रांती धरावी का? (एक वाहतूक व्यावसायिक, चिपळूण)

उत्तर: धरू नये. गाडी आणि माल त्या काळात त्याच्याच जबाबदारीवर असतात, रांग हलली की त्याला हलावे लागते, म्हणजे तो तुमच्याच दिमतीला असतो. वाहतूक खोळंबल्यास किंवा नैसर्गिक आपत्ती आल्यास नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त काम घेण्याची सवलत 1961 च्या कायद्यात आहे, पण ती अडकलेली गाडी सुखरूप पोहोचवण्यापुरती आहे. घाट सुटल्यावर वेळ भरून काढण्यासाठी त्याला थेट पनवेलपर्यंत पिटाळणे, हा त्या सवलतीचा गैरवापर होय. अशा वेळी जवळच्या सुरक्षित जागी थांबून झोप घेण्याची सूचना मालकाने स्वतः फोनवर द्यावी, कारण थांबल्याबद्दल बोलणी बसतील या भीतीनेच पुष्कळ चालक थांबत नाहीत.

प्रश्न: आमची गाडी कोलाडला रेल्वेच्या रो-रो वॅगनवर चढते आणि गोव्यात वेर्णा येथे उतरते. चालक गाडीतच असतो. हा प्रवास त्याच्या नऊ तासांच्या विश्रांतीत धरता येईल का? (एक वाचक, माणगाव)

उत्तर: कोकण रेल्वेने ही सेवा 1999 मध्ये सुरू केली आणि तिच्यामुळे घाटातले रात्रीचे चालवणे टळते, ही चालकांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. गाडी वॅगनवर असताना चालक ती चालवत नसतो, त्यामुळे तो वेळ गाडी धावण्याच्या वेळात मोजला जाणार नाही. मात्र कोलाडला नंबर लागेपर्यंतची वाट पाहणे, गाडी चढवणे व उतरवणे हे निःसंशय काम आहे. उरलेल्या प्रवासात चालकाला खरोखर आडवे होऊन झोपता आले का, हे त्यालाच विचारावे. झोप झाली नसेल, तर वेर्ण्याला उतरल्यावर आधी विश्रांती आणि मग पुढचा रस्ता, असे फेरीचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच लिहून त्याच्या हाती द्यावे.