फुफ्फुस बदलायचंय, मग अन्ननलिकेची टेस्ट कशाला?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या सासूबाईंना स्क्लेरोडर्मा आहे, फुफ्फुसं कडक होत चाललीत, घरी ऑक्सिजन लावलाय. ट्रान्सप्लांटसाठी पुण्याला दाखवलं तर म्हणे आधी अन्ननलिकेची मॅनोमेट्री (स्नायूंचा दाब मोजायची टेस्ट) आणि २४ तासांची पीएच टेस्ट (ॲसिड किती वर येतं ते बघायची) करा. दीर म्हणतात, नुसते पैसे काढायचे धंदे! आणि रिपोर्ट खराब आला तर ट्रान्सप्लांटला नाहीच म्हणणार का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, भाऊजींना सांगा, ही टेस्ट चुकवण्यासारखी नाही. स्क्लेरोडर्मा नुसता कातडीचा आजार नसतो, त्यात अन्ननलिकेच्या खालच्या भागातले स्नायू दुबळे होतात, घास पुढे ढकलायची ताकद जाते आणि जठराच्या तोंडाची झडपसुद्धा सैल पडते, मग ॲसिड, पित्त, खाल्लेलं सगळं वर येतं आणि झोपेत थोडं थोडं श्वासनलिकेत उतरतं. छातीत जळजळत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, कित्येकांना पत्ताच लागत नाही. तुम्हाआम्हाला निदान ठसका तरी लागतो. बसवलेल्या फुफ्फुसाचे मज्जातंतू मात्र तुटलेले असतात, त्यामुळे तिथं ठसकाच नीट येत नाही, त्यात प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबलेली. असं वारंवार होत राहिलं की बारीक श्वासनलिका आक्रसत जायचा धोका वाढतो, ह्यालाच क्रॉनिक रिजेक्शन, म्हणजे शरीरानं नवं फुफ्फुस हळूहळू नाकारणं, म्हणतात, आणि ट्रान्सप्लांटला वर्ष उलटल्यावर पेशंट दगावतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

मॅनोमेट्रीत नाकातून बारीक नळी जठरापर्यंत सोडतात, भूल नसते, नळी जाताना उमासे येतात हे खरंय. मग ५ मिली पाण्याचे साधारण १० घोट एकेक करून गिळायला लावतात आणि प्रत्येक घोटाला स्क्रीनवर दाबाचा रंगीत पट्टा उमटतो. स्नायू अगदीच निकामी असतील तर पट्टा उमटतच नाही.

तसं निघालं तरी दार बंद झालं असं नाही. स्क्लेरोडर्मा म्हटलं की कितीतरी सेंटर्स नकोच म्हणायची, काही अजूनही म्हणतात, पण नीट पारखून घेतलेले पेशंट फायब्रोसिसच्या (फुफ्फुस कडक होण्याच्या) इतर पेशंटांइतकेच जगतात असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. म्हणून सरळ विचारा, स्क्लेरोडर्माचे पेशंट तुम्ही केलेत का आणि रिफ्लक्सचं, म्हणजे जठरातलं वर येण्याचं, काय करणार? पित्ताच्या गोळीनं फक्त ॲसिड कमी होतं, वर येणं थांबत नाही. त्यासाठी फंडोप्लिकेशनचं ऑपरेशन असतं, त्यात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळतात, पण अन्ननलिका दुबळी असताना जठराचा पूर्ण वेढा घातला तर घास अडकतो, म्हणून बरेच सर्जन अर्धवट वेढा देतात. काहींना ट्रान्सप्लांटनंतर काही दिवस थेट आतड्यात नळीनं अन्न देतात.

तोवर रात्री उशिरा तांबडा-पांढरा ओरपून लगेच आडवं व्हायचं बंद! जेवण आणि झोप यात ३ तास हवेतच. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा, नुसत्या उशा रचून पोट दुमडतं आणि उलट त्रास वाढतो. टेस्टला जाताना चालू गोळ्यांची यादी न्या, काही गोळ्या आधी बंद ठेवायला सांगतात, पण कुठल्या ते त्यांनाच विचारा, आपल्या मनानं बंद करू नका.