सुरुवात जोरात होते, मग सगळं सुटतं. ख्रिस्ती जीवनात शेवटपर्यंत टिकायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की दर जानेवारीला वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचं ठरवता आणि दर फेब्रुवारीत लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायापाशी थांबता. सकाळची प्रार्थनाही तशीच सुटली. शेवटी विचारलंय, ‘सुरू केलेलं जो पुरं करत नाही तो खरा ख्रिस्ती म्हणायचा का?’ हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

मी वसईच्या किनाऱ्यावरचा, कॅथलिक कोळी, वय एकसष्ट. बोट आता धाकटा भाऊ बघतो. मी जाळी दुरुस्त करतो.

आधी साधा हिशेब. उत्पत्तीचे 50 अध्याय, निर्गमचे 40. रोज तीन वाचले तर तिसाव्या दिवशी माणूस लेवीयच्या दारात उभा. तोवर अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या गोष्टी हाताला धरून नेतात. पुढे एकदम यज्ञ, चरबी, कोड, शुद्ध-अशुद्ध. फेब्रुवारीत हजारो लोक तिथेच अडखळत असतील. त्यावरून स्वतःच्या विश्वासाचा निकाल लावू नका.

आता प्रार्थनेचं. आमची डोल जाळी प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवतात. पाण्याला ओढ असेल तर मासळी आपोआप आत येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओढ जबरदस्त. अष्टमीच्या आसपास भांग लागतो, पाणी मंदावतं आणि जाळ्यात फार काही पडत नाही. भांगात माझे वडील कधी रिकामे बसल्याचं मला आठवत नाही. ते वाळूवर जाळं पसरायचे आणि सकाळपासून फाटलेलं सांधत बसायचे. प्रार्थनेतही भांग येतो. तोंडातून शब्द निघतात, आत काही हलत नाही. तुम्ही त्याला देव दूर गेला असं म्हणता. मला तसं वाटत नाही. जे दिवस तुम्ही वाया गेले म्हणून सोडून देता, ते दुरुस्तीचे दिवस असतात.

दुरुस्तीचीच एक गोष्ट सांगतो. मी बारा वर्षांचा असताना वडिलांनी पहिल्यांदा माझ्या हातात जाळ्याची सुई दिली. समोर हाताचा पंजा जाईल एवढं भोक होतं. मी लगेच दोरा ओवून भोकाच्या कडा एकमेकींना बांधायला लागलो. वडिलांनी सुई काढून घेतली आणि चाकू दिला. म्हणाले, ‘आधी काप.’ भोकाच्या कडेचे धागे ताणून सैल झालेले असतात, त्यांना बांधलेली गाठ पहिल्याच ओढीला सुटते. म्हणून धडधाकट गाठ लागेपर्यंत कापत जायचं. भोक मोठं होतं. मला वाटलं, मी जाळं वाया घालवतोय. मग त्यांनी त्या गाठीपासून सुरुवात करून एकेक घर विणत नेलं, शेवटी सुई पलीकडच्या गाठीत काढली आणि दोरा दातांनी तोडला. दुसऱ्या दिवशी ते भोक कुठे होतं हे मला शोधूनही सापडलं नाही.

पुढे कधीतरी आमच्या धर्मग्रामातल्या फादरांनी बायबलवर्गात एक गोष्ट सांगितली, ती मनात रुतून बसली आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू याकोब आणि योहान यांना बोलावतो, तेव्हा ते तारवात बसून जाळी नीट करत असतात. तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तोच प्रेषित पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात वापरतो: कोणी चुकला तर त्याला सौम्यतेने पुन्हा नीट करा. आणि पेत्र, जो स्वतः कोळी, तो आपल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तोच शब्द देवासाठी वापरतो: तुम्ही थोडा वेळ दुःख सोसल्यावर देव स्वतः तुम्हाला नीट करील. जाळ्याचा शब्द माणसाला लावलाय. हे ऐकलं त्या दिवशी घरी येऊन मी वडिलांची जुनी सुई शोधून काढली.

कारण मी स्वतः सहा वर्षं सोडून बसलो होतो. भांडण झालं नव्हतं, श्रद्धाही उडाली नव्हती. बायको आजारी होती, एका रात्री दवाखान्यातून उशिरा आलो आणि रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. मग इतके दिवस राहिली की आता कोणत्या तोंडाने गुडघे टेकायचे, असं वाटायला लागलं. पहिल्या दिवशी दमलो होतो, त्यानंतरची सहा वर्षं मी फक्त लाजत होतो. तुमच्या प्रश्नात मला तीच लाज दिसली. बायको बरी झाली, मी मात्र रविवारी मागच्या बाकावर बसून मिस्सा संपायच्या आत उठून जायचो.

मला परत आणलं ते शेजारच्या एका म्हाताऱ्या मावशींनी. त्यांना दिसेनासं झालं होतं. एके संध्याकाळी दारात येऊन म्हणाल्या, ‘बाळा, मला रोज एक पान वाचून दाखव.’ नाही म्हणता आलं नाही. त्यांच्यासाठी वाचता वाचता माझं वाचन सुरू झालं. मग एका शनिवारी कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला गेलो. ते कापणं होतं, आणि दुखलं.

म्हणून सांगतो, एकट्याने ठरवू नका. एक माणूस शोधा. तुमच्या गावात चर्च नाही असं लिहिलंय, मग फोनवर शोधा. त्याला किंवा तिला रोज एक अध्याय वाचून दाखवा. दुसऱ्याला गरज असेल तर पाय आपोआप उचलतो.

मार्कचंच बघा. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात तो पंफुल्यातून पौलाला सोडून यरुशलेमला परत जातो. पुढच्या फेरीला पौल त्याला बरोबर घ्यायला तयार होत नाही, त्यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात कडाक्याचं भांडण होतं. बर्णबा मात्र त्याला घेऊन जातो. शेवटी तुरुंगातला म्हातारा पौल तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. ‘मी धाव संपवली आहे’ हे पौलाचं प्रसिद्ध वाक्य याच अध्यायात, चार वचनं आधी आहे. मला त्या दोन वाक्यांपैकी मार्काचं जास्त आवडतं. प्रत्येकाला एक बर्णबा मिळो, अशी मी खरोखर प्रार्थना करतो.

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. जपानला गेले, येशूसंघ या धर्मसंघात पूर्ण प्रवेश मिळावा म्हणून थांबले, तो मिळाला नाही. बाहेर पडून व्यापार केला. मग मनिलात फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू झाले, पुन्हा जपानला गेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर गेले. मधली व्यापाराची वर्षं त्यांच्या चरित्रातून कोणी खोडून टाकलेली नाहीत.

आणि काही कामं आपल्या हातून पुरी होतच नाहीत. आपल्या कोकणातल्या करजगावी जन्मलेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी 1909 मध्ये ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं काव्य लिहायला घेतलं. 1919 मध्ये ते गेले तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे 64 अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांना शाळा जवळजवळ मिळालीच नव्हती. टिळकांनी सुरू केलेलं पुरं केलं नाही म्हणून त्यांना कोणी कच्चा ख्रिस्ती म्हणत नाही.

तेव्हा पुन्हा उत्पत्तीपासून सुरू करू नका. जिथे जाळं फाटलंय तिथेच सुई घाला. अकरावा अध्याय खवले आणि पंख नसलेली मासळी खाऊ नका म्हणतो, आमच्याकडे कोळंबी-चिंबोऱ्यांशिवाय सण होत नाही, त्यामुळे तो वाचताना मीही थबकलो होतो. पण लगेच पुढचा, बारावा अध्याय फक्त 8 वचनांचा आहे. बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणाचा. शेवटच्या वचनात म्हटलंय की जिला कोकरू परवडत नाही तिने दोन होले किंवा कबुतराची दोन पिल्लं आणावीत. ते वाचून झालं की लूकच्या दुसऱ्या अध्यायातलं 24 वं वचन उघडा आणि मारिया मंदिरात काय घेऊन आली ते बघा. आज रात्री एवढंच वाचा. वाचलंत की इथे खाली लिहा, मी उद्या तेरावा वाचून तुमची वाट बघतो.