फाईल तीच, कप्पा कुठे गेला?

सॉफ्टवेअर नवं झालं आणि वर्षानुवर्षं बसवलेली फायलींची घडी मोडली, अशी बरीच पत्रं आली आहेत. त्यांतल्या चार प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ६४ सदनिका आहेत. कागदपत्रं ऑनलाइन ड्राइव्हवर ठेवताना एकच फाईल आम्ही सदनिकेच्या फोल्डरमध्ये आणि आर्थिक वर्षाच्या फोल्डरमध्येही दाखवत असू. आता तसं होत नाही. त्यात एका सदस्याने जुन्या वर्षांचे फोल्डर ‘साफ’ केले आणि सदनिकांच्या फोल्डरमधली नामनिर्देशनाची पत्रं उघडेनाशी झाली. — सचिव, गृहनिर्माण संस्था, मुलुंड

तुम्ही सांगता ती सोय गुगल ड्राइव्हमध्ये होती. ३० सप्टेंबर २०२० पासून तिथे फाईलला एकच जागा मिळते, दुसरीकडे ठेवायचा तो शॉर्टकट, म्हणजे मूळ फाईलकडे नेणारी नुसती खूण. आधीच दोन-तीन कप्प्यांत असलेल्या फायलींचंही पुढे टप्प्याटप्प्याने तेच झालं. खरी फाईल कोणत्या कप्प्यात राहील, हे प्रणालीनेच ठरवलं. तुमच्याकडे ती वर्षाच्या फोल्डरमध्ये राहिली असणार. सदस्याने ‘डुप्लिकेट’ समजून उडवली ती मूळ प्रत, आणि सदनिकेच्या फोल्डरमध्ये उरली नुसती पाटी.

आधी बिन, म्हणजे काढून टाकलेल्या फायलींची टोपली, उघडा. तिथली फाईल ३० दिवसांनी कायमची जाते, म्हणून हे आजच करा. फाईल ज्या खात्याच्या मालकीची, त्याच खात्याच्या बिनमध्ये ती सापडेल. ‘रिस्टोअर’ केलं की शॉर्टकट पुन्हा चालू होतात.

मग घडी नव्याने बसवा. मूळ फाईल सदनिकेच्या फोल्डरमध्येच असू द्या, कारण हस्तांतराच्या वेळी त्या सदनिकेचा सगळा कागद एकत्र लागतो. वर्ष फाईलच्या नावात घाला : ‘ए-४०२_नामनिर्देशन_२०२३-२४’. शोधाच्या चौकटीत ‘२०२३-२४’ टाकलं की त्या वर्षाचं सगळं समोर येतं. वर्षाच्या फोल्डरची गरज लेखापरीक्षकापुरतीच उरते आणि तिथे शॉर्टकट चालतात. चिन्हावर छोटा वळलेला बाण असेल तर तो शॉर्टकट. तो पुसल्याने मूळ फाईलला धक्का लागत नाही. मात्र शॉर्टकट असलेला फोल्डर लेखापरीक्षकाला शेअर केला म्हणून मूळ फाईल त्याला उघडता येत नाही. तिची परवानगी वेगळी द्यावी लागते.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायलाच हवं. हे सगळं एखाद्या सचिवाच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर समिती बदलली की अडचण होते. फोल्डरची मालकी दुसऱ्याला दिली तरी आतल्या फायली जुन्या मालकाच्याच राहतात. संस्थेच्या नावाचं वेगळं खातं आत्ताच उघडा.

प्रश्न : छपाईच्या कामांच्या फायली मी डेस्कटॉपवर ग्राहकवार ठेवतो. संगणकाचं मोठं अपडेट झालं आणि लग्नपत्रिकांच्या पानांतले जोडलेले फोटो ‘मिसिंग’ दाखवू लागले. लायब्ररी दिसत नाही, डाउनलोड्समध्ये सगळं ‘आज’, ‘काल’, ‘मागच्या आठवड्यात’ असं विभागलेलं. सीझनच्या तोंडावर हे परवडत नाही. — मुद्रक, प्रभादेवी

तीन वेगळी दुखणी एकाच दिवशी समोर आली आहेत. पहिलं सगळ्यात महत्त्वाचं.

विंडोज सुरू होताना वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या, ‘बॅकअप’ला होकार गेला, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलतात. पडद्यावर डेस्कटॉप तसाच दिसतो, पण पत्ता बदललेला असतो : ‘युजर्स’मधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमधला ‘डेस्कटॉप’ आता ‘वनड्राइव्ह’च्या पोटात गेलेला असतो. पान लावायच्या सॉफ्टवेअरने फोटोचा जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो, म्हणून ‘मिसिंग’. फोटो हरवलेले नाहीत. असा बदल करताना वापरणाऱ्याला चार ओळींत स्पष्ट सांगायलाच हवं. ‘बॅकअप’ या शब्दाने कोणालाही वाटतं की फक्त जादा प्रत निघते आहे.

परत आणायची रीत अशी. डेस्कटॉपवरचे सगळे फोल्डर निवडून राइट क्लिक करा आणि ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. प्रत्येकावर भरीव हिरवी खूण येईपर्यंत थांबा. ढगाचं चिन्ह असलेली फाईल तुमच्या डिस्कवर नसते, आणि इथे घाई केली तर अर्धी कामं मागे राहतात. मग टास्कबारच्या कोपऱ्यातल्या ढगावर क्लिक करून सेटिंग्ज › ‘सिंक अँड बॅकअप’ › ‘मॅनेज बॅकअप’ इथे डेस्कटॉप बंद करा. फायली आपोआप जुन्या जागी आल्याच असं धरून चालू नका. वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या ‘डेस्कटॉप’मध्ये जाऊन तपासा आणि उरलेल्या ‘कट’ करून जुन्या जागी ‘पेस्ट’ करा. पत्ता पूर्वीचा झाला की जोडणी पुन्हा लागते. नाही लागली तर लिंक्सच्या चौकटीत एकदा ‘रीलिंक’ करून फोल्डर दाखवा.

दोन गोष्टींचं भान ठेवा. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबी आहे. छपाईच्या मोठ्या फायलींनी ती लवकर भरते, आणि भरली की सिंक थांबतं. शिवाय विंडोजमध्ये फाईलचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांचा धरलेला आहे आणि बरीच सॉफ्टवेअर त्यापुढे अडतात. मराठी नावं इथे महाग पडतात. ‘विसर्जन’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, संगणक सात मोजतो, कारण वेलांटी आणि हलन्तही वेगळे धरले जातात. फोल्डरात फोल्डर करताना पाच पायऱ्यांच्या खाली जाऊ नका.

खरं तर चालू कामं डेस्कटॉपवर नकोतच. डिस्कचा दुसरा भाग (पार्टिशन) असेल तर ‘डी’वर ‘कामं’ असा फोल्डर करा आणि राइट क्लिक करून ‘पिन टू क्विक अ‍ॅक्सेस’ करा. पुढचं अपडेट डेस्कटॉपचं काहीही करो, ‘डी’वरचा पत्ता बदलणार नाही.

आता लायब्ररी. ही सोय विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये आली आणि ८.१ पासून डावीकडच्या यादीतून लपवली गेली. ती काढून टाकलेली नाही. यादीतल्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून ‘शो लायब्ररीज’वर खूण करा. ‘लग्नपत्रिका’ नावाची लायब्ररी करून दोन डिस्कवरचे फोल्डर तिच्यात जोडलेत तर ते एकत्र दिसतील. लायब्ररी पुसली तर फोल्डर शाबूत राहतात, पण तिच्या आतली फाईल पुसली तर खरीच जाते.

डाउनलोड्समध्ये रिकाम्या जागी राइट क्लिक › ‘ग्रुप बाय’ › ‘नन’, मग ‘सॉर्ट बाय’ › ‘नेम’. बस.

तक्रार जरूर नोंदवा : विंडोजची कळ आणि ‘एफ’ एकत्र दाबलं की फीडबॅक हब उघडतं. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हा फाईल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर नेण्याची सोय गेली होती. लोकांनी आवाज उठवला आणि २०२२ च्या अपडेटमध्ये ती परत आली.

प्रश्न : मंडळाचे जुने फोटो पिकासामध्ये नावांसह लावलेले आहेत. संगणक बदलायचा आहे. कोणाचा चेहरा कोणाचा, ही माहिती कशी न्यायची? त्यातले कित्येक कार्यकर्ते आता हयात नाहीत. — कार्यकर्ता, लालबाग

जुना संगणक चालू आहे तोवरच हे काम उरकून घ्या. पिकासा या गुगलच्या फोटो लावायच्या सॉफ्टवेअरचा आधार १५ मार्च २०१६ रोजी संपला आणि तुमची माहिती तीन ठिकाणी विखुरलेली आहे. जेपेग फोटोंखालच्या ओळी (कॅप्शन) फोटोतच लिहिलेल्या असतात, त्या टिकतील. चेहऱ्यांची नावं मुख्यतः पिकासाच्या स्वतःच्या नोंदीत आणि प्रत्येक फोल्डरमधल्या ‘.पिकासा.आयएनआय’ या लपवलेल्या फाइलीत असतात. अल्बम तर निव्वळ पिकासाच्या आतली यादी आहे.

‘टूल्स’ › ‘ऑप्शन्स’ › ‘नेम टॅग्ज’मध्ये ‘स्टोअर नेम टॅग्ज इन फोटो’वर खूण करा. ती पुढच्या नावांसाठी. आधीच्या नावांसाठी ‘टूल्स’ › ‘एक्सपेरिमेंटल’ › ‘राइट फेसेस टू एक्सएमपी’ चालवा. फोटो हजारोंनी असतील तर रात्रभर लागू शकेल. उजेड वाढवला, कडा कापल्या, असे बदल केलेले फोटो कंट्रोल-एस देऊन डिस्कवर लिहा, नाहीतर दुसरीकडे ते बदल दिसणार नाहीत. प्रत्येक अल्बम ‘एक्स्पोर्ट’ करून ‘२०२४-०९-१७ विसर्जन’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये काढा. वर्ष आधी लिहिलं की नावाने लावलेली यादी आपोआप तारखेने लागते.

कॉपी करताना आख्खा फोल्डर उचला. आत शिरून फोटो निवडलेत तर लपवलेल्या फायली मागे राहतात. नव्या संगणकावर डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर घाला, ते फोटोत लिहिलेली चेहऱ्यांची नावं वाचतं. आधी वीस फोटोंवर करून पाहा. नावं दिसली तरच पुढे जा, आणि जुनी डिस्क वर्षभर पुसू नका.

प्रश्न : फोन नवा घेतल्यापासून साइटचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो फाइल मॅनेजरमध्ये नेहमीच्या जागी नाहीत. — वायरमन, कुर्ला

अँड्रॉइड ११ पासून जागा बदलली आहे. ‘अँड्रॉइड’ › ‘मीडिया’ › ‘कॉम.व्हॉट्सअ‍ॅप’ › ‘व्हॉट्सअ‍ॅप’ › ‘मीडिया’ › ‘व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस’ असं आत जा. ही जागा अ‍ॅपशी बांधलेली आहे. व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकलं तर तिथले फोटोही जाऊ शकतात, म्हणून कामाचे फोटो दर शनिवारी ‘पिक्चर्स’मध्ये साइटच्या नावाने केलेल्या फोल्डरमध्ये हलवा. फाइलीच्या नावातली तारीख फोटो पाठवल्या-मिळाल्याची असते, काढल्याची नव्हे. वायरिंगचा पुरावा म्हणून तारीख लागणार असेल, तर कॅमेऱ्यातला मूळ फोटो जपा.